चढ मोजा, मग मोटर निवडा: इ-सायकलला मिड-ड्राइव्ह की हब?

इ-सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस आधी विचारतो, "किती वॅटची आहे?" मग विचारतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" मोटर कुठे बसवली आहे, चाकात (हब) की पेडलांपाशी (मिड-ड्राइव्ह), हे सहसा कुणी विचारत नाही. दुकानदारच कधी म्हणतो, "साहेब, ही मिड-ड्राइव्ह, घाटसुद्धा चढते." समोरचा मान डोलावतो आणि किमतीची चिठ्ठी उलटून बघतो.

मीही असाच गेलो होतो. पहिली इ-सायकल घेतली ती मागच्या चाकात हब मोटर असलेली. काही वर्षांनी एका जुन्या हायब्रीड सायकलला २५० वॅटचं मिड-ड्राइव्ह किट बसवून घेतलं. दोन्ही अजून घरात आहेत. कोथरूड ते डेक्कन या रोजच्या फेरीला हबवालीच बाहेर निघते आणि सिंहगडाच्या रस्त्याला दुसरी. हे असं का, ते नीट सांगायचं तर थोडं गणित, थोडं ग्रीस आणि बरीचशी पंक्चरवाल्याची गोष्ट सांगावी लागेल.

एक खुलासा आधीच करतो. हा लेख पेडल असलेल्या इ-सायकलींबद्दल आहे. इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही असे दोन प्रकार आहेत (टीव्हीएस आयक्यूबची मोटर मागच्या चाकात, एथरची चाकाबाहेर, पट्ट्यावर चालणारी), पण तिथे गिअर बदलायचे नसतात आणि पायही मारायचे नसतात. त्यामुळे तिथला हिशेब वेगळा.

दोन्हींत फरक काय

हब मोटर चाकाच्या मध्यातच असते, बहुधा मागच्या. ती चाकाला थेट फिरवते. तुमची चेन, तुमचे गिअर यांच्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही पायांनी चेन ओढता, मोटर आपलं चाक ढकलते. एका बैलगाडीला दोन बैल जुंपावेत तसं.

मिड-ड्राइव्हची मोटर पेडलांच्या आसापाशी, म्हणजे क्रँकजवळ असते. तिचा जोर तुमच्या पायांच्या जोरात मिसळतो आणि मग चेनवरून, मागच्या गिअरांतून चाकाला जातो. म्हणजे तुम्ही हलका गिअर टाकलात की तो मोटरलाही मिळतो. सगळा फायदा या एका वाक्यात आहे, आणि सगळा तोटाही. तो पुढे येईलच.

हा वाद तसा जुना आहे. १८९५ साली अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या मधोमध मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी बोस्टनच्या होजिया लिबी यांनी मोटर क्रँकच्या आसापाशी आणली. पेडल मारलं तरच मोटर साथ देणार, ही आजची कल्पना यामाहाने १९९३ साली जपानमध्ये बाजारात आणली, आणि ती सायकल मिड-ड्राइव्ह होती.

हब मोटरमध्येही दोन पोटजाती आहेत आणि इथे बरेच जण फसतात. 'गिअर्ड हब'मध्ये मोटर आत वेगाने फिरते आणि छोट्या, बहुतेकदा नायलॉनच्या, दातेरी चाकांमधून वेग चार-पाच पटींनी कमी होऊन सायकलच्या चाकाला मिळतो. ही हलकी असते, दोन ते साडेतीन किलो, आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं. 'डायरेक्ट ड्राइव्ह' हबमध्ये आत दातेरी चाकं नसतात. ती आवाज करत नाही, झिजण्यासारखं आत फारसं काही नसतं, पण जड असते आणि बॅटरी संपल्यावर पेडल मारताना चुंबकाची ओढ पायांना जाणवते. ब्रेक मारताना बॅटरी थोडी चार्ज होण्याची सोय या दुसऱ्या प्रकारातच असते, गिअर्ड हबमध्ये आणि मिड-ड्राइव्हमध्ये नाही. पण सायकलसारख्या हलक्या वाहनात त्यातून परत मिळणारी वीज इतकी थोडी, की तेवढ्यासाठी दोन-तीन किलो जास्त वाहू नका. या लेखात पुढे 'हब' म्हटलं की गिअर्ड हब समजा.

पहिली पायरी: आपला रस्ता मोजा

सायकल बघायला जाण्याआधी हे करा. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ कोणता, तो किती टक्क्यांचा आणि किती लांब, एवढंच शोधायचं आहे.

फोनवरच्या नकाशात चढाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची मिळते. उंचीतला फरक भागिले अंतर गुणिले शंभर, म्हणजे टक्के. ८०० मीटर अंतरात ४० मीटर चढलात, तर ५ टक्के. छोट्या चढाला मात्र नकाशा दगा देतो. तिथे गवंड्याची पाणसळ आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन जा. पट्टी चढाच्या दिशेने रस्त्यावर ठेवा, वर पाणसळ. पट्टीचं उताराकडचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. ते टोक रस्त्यापासून जितके सेंटिमीटर उचललं गेलं, तितके टक्के चढ. लोक वळून बघतात, बघू द्या.

आता हा आकडा वाचायचा कसा?

४ टक्क्यांपर्यंतचा चढ असेल तर मिड-ड्राइव्हचा विचार सोडून द्या. उड्डाणपूल, मुंबईतले बहुतेक रस्ते, नागपूर, नाशिकचा मोठा भाग, सोलापूर हे सगळं यातच बसतं. ४ ते ६ टक्क्यांना चांगली गिअर्ड हब पुरते, तुम्ही पाय मारत असाल तर. ७ टक्क्यांच्या पुढे मात्र टक्क्यांपेक्षा लांबी महत्त्वाची. सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प बहुधा १० टक्क्यांच्या पुढेच असतो, पण तो दहा-पंधरा सेकंदांत संपतो. २०० मीटरचा उभा चढही हब निभावून नेते, कारण मोटर तापायला वेळ लागतो. तोच चढ दीड-दोन किलोमीटर चालला आणि रोज चालला, तर हब मोटर थकते.

थकते म्हणजे काय होतं, तेही बघू. विजेच्या मोटरला आपला ठरलेला वेग आवडतो. त्या वेगाच्या आसपास ती घेतलेल्या विजेतली पाऊण हिश्श्याहून जास्त कामाला लावते. हब मोटर २०-२५ किमी वेगासाठी बनवलेली असते आणि तिला गिअर बदलता येत नाही. घाटात तुम्ही ताशी ९-१० किमीवर आलात की तीही तितकीच मंदावते. मग घेतलेल्या विजेतली जवळजवळ निम्मी उष्णता होऊन चाकाच्या आतच अडकते. जीप तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून घाट चढवल्यासारखं हे आहे. मिड-ड्राइव्हला तुम्ही मागचं मोठं चक्र लावलंत की चाक हळू फिरलं तरी मोटर आपल्या आवडत्या वेगात फिरत राहते.

सिंहगडाचं उदाहरण घेऊ. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा रस्ता साधारण ९ किलोमीटरचा, आणि त्यात ६०० मीटरच्या आसपास उंची चढावी लागते. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरा. नुसती ती उंची चढायला सुमारे १६५ वॅट-अवर ऊर्जा लागते. रस्त्याचं घर्षण धरलं की १९० च्या आसपास. यातली निम्मी पायांनी दिली (आणि निम्मी देणं हा चांगलाच व्यायाम आहे), तरी मोटरवर ९५ येतात. हब मोटर ते काम ५५ टक्के कार्यक्षमतेने करेल तर बॅटरीतून १७० च्या वर वॅट-अवर जातील. मिड-ड्राइव्ह ७५ टक्क्यांनी करेल तर सव्वाशेच. आपल्याकडच्या बऱ्याच इ-सायकलींची बॅटरी २०० ते ३०० वॅट-अवरचीच असते, हे लक्षात घेतलं की हा फरक कागदावरचा राहत नाही. शिवाय वर पोचल्यावर हबला हात लावून बघा. म्हणजे, लावू नका.

दुसरी पायरी: न्यूटन-मीटरच्या जाहिरातीला भुलू नका

न्यूटन-मीटर हे फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप. पत्रकावर लिहिलेलं असतं: हब, ४० न्यूटन-मीटर, मिड, ६० न्यूटन-मीटर. म्हणजे दुसरी दीडपट ताकदवान? नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या जागी मोजलेले आहेत. हबचा आकडा चाकावरचा आहे, मिडचा क्रँकवरचा. मधे तुमचे गिअर आहेत.

समजा मिड-ड्राइव्हचं पुढचं चक्र ३८ दात्यांचं आहे. मागे ११ दात्यांचा सगळ्यात जड गिअर असेल तर ६० चे चाकावर पोचतात फक्त १७. म्हणजे हबच्या निम्म्याहून कमी. मागे ३४ दात्यांचा हलका गिअर टाकलात तर ५४ पोचतात. सरळ गुणाकार आहे: क्रँकवरचा आकडा गुणिले मागचे दाते भागिले पुढचे दाते. दुकानात मागचे दाते मोजून बघा, किंवा कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर, छापलेला आकडा वाचा. मागचं मोठं चक्र २८ चंच असेल तर त्या महागड्या मोटरचा घाटातला फायदा बराच वाया गेला.

यातून निघणारी दुसरी गोष्ट म्हणजे मिड-ड्राइव्ह आणि एकच गिअर ही जोडी घेऊ नका. मोटर मिड जागी बसवायची आणि गिअर द्यायचेच नाहीत, हे विहिरीवर मोटर बसवून पाइप न टाकण्यासारखं.

हब घेणार असाल तर चाकाचा आकार बघा. तेच ४० न्यूटन-मीटर २० इंची चाकावर जास्त जोराने ढकलतात, २९ इंची चाकावर कमी. फरक जवळजवळ दीडपट पडतो. घडी घालायच्या छोट्या सायकली चढावर अनपेक्षितपणे चांगल्या चालतात त्या यामुळे.

आणि वॅट? कायद्यात बसणाऱ्या सगळ्याच सायकलींवर २५० लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. तो सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा आहे. घटकाभर मोटर किती खेचेल ते कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला मोजून देणारा डबा, ठरवतो. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर बॅटरीतून थोडा वेळ ५४० वॅटपर्यंत जाऊ शकतात. विचारायचंच तर कंट्रोलर किती अँपिअरचा, ते विचारा. उत्तर देता आलं तर दुकान बरं आहे असं समजा.

तिसरी पायरी: आपल्या सवयी प्रामाणिकपणे तपासा

तुम्ही गिअर बदलता का? सायकलला २१ गिअर असतात आणि नव्वद टक्के वेळा ती एकाच गिअरवर चालते, असे बरेच जण मी पाहिले आहेत. हबवाल्या सायकलला ते चालतं. सिग्नलला थांबलात, जड गिअरवरच राहिलात, तरी चाक ढकलायला मोटर आहेच. मिड-ड्राइव्हवर तसं केलंत तर मोटरही तुमच्याबरोबर कुंथते आणि सगळा ताण चेनवर येतो. थांबण्याआधी गिअर हलका करायचा, चढ लागण्याआधी करायचा, आणि गिअर पडत असताना क्षणभर पायांचा जोर सोडायचा, ही सवय नसेल तर मिड-ड्राइव्ह तुम्हाला चेन आणि कॅसेटच्या बिलांतून ती लावेल.

ओझं किती? मुलाला मागे बसवून शाळेत सोडणं, किराणा, पाण्याचा जार, दुधाचे कॅन असं असेल तर चढाचे माझे वरचे आकडे दोन टक्क्यांनी खाली आणा. १३० किलोला ५ टक्के चढ म्हणजे १०० किलोला साडेसहा.

सायकल रात्री कुठे राहते? वीस-बावीस किलोची वस्तू जिन्याने दुसऱ्या मजल्यावर नेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हबवालीचं वजन मागे एकवटलेलं असतं, ती उचलताना शेपटीकडे कलते. मिडवाली मधोमध तोललेली असते. जिना रोजचा असेल तर हा फरक कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

चौथी पायरी: चौकातल्या माणसाला विचारा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच बहुतेकांचा निर्णय व्हायला हवा.

परदेशी व्हिडिओंमध्ये हबविरुद्ध पहिली तक्रार असते पंक्चरची: मागचं चाक काढायचं म्हणजे नट सोडा, मोटरची वायर सोडा, सगळं पुन्हा नीट बसवा. तक्रार खरी, पण आपल्याकडचा पंक्चरवाला चाक काढतच नाही! तो टायरची एक कड सोडवतो, ट्यूब ओढून बाहेर काढतो, पाण्याच्या घमेल्यात धरतो, ठिगळ लावतो आणि परत आत सारतो. मोटर हबमध्ये आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. फक्त त्याला सायकल उलटी करू देऊ नका. हँडलवरचा डिस्प्ले जमिनीवर घासतो. आडवी निजवायला सांगा, चेनची बाजू वर.

चाक काढावं लागतं ते ट्यूब बदलताना. तेव्हा १८-१९ चा दुतोंडी पाना लागतो, कारण हब मोटरच्या आसाचे नट सायकलच्या नेहमीच्या १५ नंबरच्या पान्याला दाद देत नाहीत. (मोटर छोटी असेल तर तेही देतात, एकदा घरीच लावून बघा.) नट काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या वॉशरचा फोटो काढा. त्यातला दात असलेला वॉशर किंवा टॉर्क आर्म नावाची पट्टी आसाला फिरू देत नाही. ती उलटी बसली किंवा गाळली गेली, तर मोटरच्या जोराने आस खाचेतच गरगर फिरतो आणि वायर पिळून तुटते. पुढच्या चाकात हब मोटर आणि काटा अॅल्युमिनियमचा, अशी सायकल मी कुणालाच सुचवत नाही. तिथे खाच तुटली तर पुढचं चाकच निसटतं.

हबची दुसरी दुखरी जागा म्हणजे स्पोक. जड मोटर, वर स्वार, आणि आपले खड्डे. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या आणि सगळे स्पोक सारखे ताणून घ्या. हे काम कोणताही जुना सायकलवाला करतो. माझ्या हबवालीचे पहिल्याच पावसाळ्यात दोन स्पोक तुटले होते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आउट काढल्यानंतर पुन्हा तुटले नाहीत.

आता मिड-ड्राइव्ह. तिची चाकं साधी असतात. कुणीही काढावीत, कुणीही बसवावीत. झिजते ती चेन. दोघांचा जोर एकाच साखळीवर. ती मोजायला महाग अवजार लागत नाही, लोखंडी फूटपट्टी पुरते. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पंचविसावी पिन कुठे येते ते बघा. १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर उशीर झालाय. आता कॅसेटही बदलावी लागेल. मिड-ड्राइव्हवाल्याने हे दर महिन्याला बघावं, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

आणि वाटेत चेन तुटलीच तर? हबवाला, हँडलवर थ्रॉटल असेल तर, तो पिळून घरी येतो. मिडवाला सायकल ढकलत येतो. चाक ढकलायला तिच्याकडे चेनशिवाय मार्गच नाही. माझ्यावर ही वेळ एकदा आली. गिअर बदलताना जोर सोडला नाही, कडकन आवाज आला, आणि पुढचे चार किलोमीटर पायी. तेव्हापासून खिशात क्विक-लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, असते.

मोटरच बिघडली तर? हबमधली नायलॉनची चाकं झिजली की बदलता येतात. कंट्रोलर बहुधा वेगळा असतो आणि इतर कंपनीचाही चालतो. नामांकित मिड-ड्राइव्हमध्ये मोटर, कंट्रोलर, सेन्सर एकाच डब्यात आणि डिस्प्लेवर एरर कोड. तो कोड वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून दुकानदाराला नेमके हे तीन प्रश्न विचारा: एरर कोड तुमच्याकडे वाचता येतो का? सुट्टी मोटर इथे स्टॉकमध्ये असते का? नसेल तर सायकल किती दिवस उभी राहील? पुण्या-मुंबईत उत्तरं कदाचित बरी मिळतील. लातूर, गोंदिया किंवा कणकवलीत राहत असाल तर या तीन उत्तरांवरच निर्णय करा, चढ कितीही असो.

पाचवी पायरी: सेन्सर

थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. पेडल फिरतंय एवढंच ओळखणारा तो केडन्स सेन्सर. पेडलवर किती जोर पडतोय ते मोजणारा टॉर्क सेन्सर. पहिल्यात मोटर चालू-बंद होते, थोडी उशिरा, धक्का देत. गर्दीत तो धक्का त्रास देतो. दुसऱ्यात आपल्याच पायांत बळ आल्यासारखं वाटतं.

लोक ज्याला 'मिड-ड्राइव्हचा सहजपणा' म्हणतात, तो बऱ्याचदा टॉर्क सेन्सरचा असतो, मोटरच्या जागेचा नाही. टॉर्क सेन्सर असलेली हब मोटर मिळते, आणि केडन्स सेन्सरवर चालणारी मिड-ड्राइव्ह किट्सही सर्रास विकली जातात. मला विचाराल तर शहरातल्या माणसाने जास्तीचे पैसे खर्चायचेच तर टॉर्क सेन्सरवर खर्चावेत.

सहावी पायरी: बॅटरी

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी २८० वॅट-अवरची, १०.४ ची असेल तर ३७४. सपाट रस्त्यावर पाय मारत किलोमीटरला १० ते १२ वॅट-अवर धरा, नुसत्या थ्रॉटलवर १५ ते २०. म्हणजे २८० वाली पाय मारत तेवीस ते अठ्ठावीस किलोमीटर जाईल. पत्रकावर ६० लिहिलं असेल तर ते कुणीतरी सर्वांत कमी मदतीवर, वाऱ्याविना, सपाट रस्त्यावर मोजलेलं आहे. मोटर कुठे आहे याने सपाटीवर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चढावर, सिंहगडाच्या हिशेबात आपण पाहिला तसा.

बॅटरी काढून घरात नेता येते का ते बघा. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली सायकल आणून लगेच चार्जिंगला लावू नका. तासभर सावलीत निवू द्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर वेगळी काळजी. हब मोटरची वायर आसातून बाहेर येते. ती आधी खाली वळून मग वर जायला हवी, म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिबकून जातं. वायर वरून सरळ आसात उतरत असेल तर पाणीही तिच्यावरून आत उतरेल. एका झिप-टायचं काम आहे.

सातवी पायरी: कायदा आणि किटचा मोह

भारतातल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं. अशा संस्थांपैकी एक एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), म्हणजे पुणेकर ज्या टेकडीला तिच्याच नावाने ओळखतात तिथली. विकत घेताना प्रमाणपत्राची प्रत मागा.

ऑनलाइन मिळणारी ७५० आणि १००० वॅटची मिड-ड्राइव्ह किट्स या चौकटीत बसत नाहीत. अपघात झाला तर तुम्ही बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन चालवत होतात असं ठरू शकतं. २५० वॅटचं किट बसवणार असाल तर आधी सायकलच्या बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलांचा आस ज्यातून जातो ती, नळी मोजा. रुंदी ६८ ते ७३ मिलिमीटर आणि आत आटे असतील तर बहुतेक किट्स बसतात. आजोबांच्या काळ्या सायकलला, जिचा क्रँक खिळ्यासारख्या कॉटर पिनने बसवलेला असतो, ते सरळसोट बसणार नाही. तिला हबचं किट द्या. तिची लोखंडी फ्रेम त्या आसाला छान धरते.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथेही २५० वॅट आणि २५ किमी हीच मर्यादा आहे, पण मिड-ड्राइव्ह दुरुस्त करणारी दुकानं सहज सापडतात. त्यामुळे चौथ्या पायरीतलं माझं अर्धं म्हणणं तिथे लागू होत नाही.

आठवी पायरी: चालवून बघताना

दुकानासमोरची सपाट गल्ली उपयोगाची नाही. जवळचा चढ किंवा उड्डाणपूल शोधा आणि हा क्रम पाळा.

आधी मोटर बंद करून पाचशे मीटर चालवा. बॅटरी संपल्यावर हेच तुमच्या नशिबी आहे. नंतर मदत मधल्या पायरीवर ठेवून चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करा. मिड असेल तर एकदा हलक्या गिअरवर, एकदा जड गिअरवर. फरक पायांना कळू द्या. चढावरच गिअर बदला. कडकड आवाज आला तर विचारा की गिअर सेन्सर आहे का. तो असला की गिअर पडताना मोटर क्षणभर आपोआप थांबते. मग पेडल मारणं एकदम थांबवा आणि मोटर किती वेळाने थांबते ते बघा. एक सेकंदाहून जास्त लागत असेल तर गर्दीत जपून. शेवटी ब्रेक नुसता हलका दाबा: मोटर तत्क्षणी बंद झाली पाहिजे. हे हबमध्ये आणि थ्रॉटल असलेल्या प्रत्येक सायकलमध्ये बघायचंच.

मग कुणी काय घ्यावं

साताऱ्यात राहून आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट चढणारा, पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहून वर नोकरीला जाणारा, किंवा पणजीत आल्तिन्योवर घर असून रोज बाजाराचं ओझं वर नेणारा यांनी मिड-ड्राइव्हचे पैसे जरूर द्यावेत, दुरुस्तीची सोय असेल तर. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल घालणाऱ्यांनीही. तिथे वजन मधोमध असणं आणि मागचं चाक हलकं असणं उड्या मारताना कळतं.

बाकीच्या, म्हणजे दहापैकी आठ-नऊ जणांना मी टॉर्क सेन्सरची गिअर्ड हब सांगतो. तीस-चाळीस हजारांच्या आसपास बरी हबवाली मिळते. नामांकित मोटरची मिडवाली लाखाच्या वर सहज जाते. त्या फरकात मोठी बॅटरी, चांगले डिस्क ब्रेक, मडगार्ड, दिवे आणि एक भक्कम कुलूप येतं.

सत्तरीच्या जवळच्या, गिअरच्या भानगडीत न पडणाऱ्या काका-काकूंना तर हबच. आणि चाक २४ किंवा २६ इंची घ्या, पाय जमिनीला नीट टेकतील असं.

सायकल घरी आणलीत की तीनशे किलोमीटरवर एक फेरी चौकातल्या सायकलवाल्याकडे: हब असेल तर स्पोक आणि आसाचे नट, मिड असेल तर चेनवर फूटपट्टी आणि मोटर धरून ठेवणारे बोल्ट. १८-१९ चा पाना किंवा क्विक-लिंक, जे लागू असेल ते, त्याच दिवशी सीटखालच्या पिशवीत टाका.